आजीचं ऑपरेशन : सर्जनने पर्याय कसे समजावून सांगावेत?



समजा, ८० वर्षांच्या आजींच्या आतड्याला छिद्र पडलं आहे. सर्जन म्हणतात, "ऑपरेशन करावं लागेल, धोका ५० टक्के आहे." आता सांगा, या आकड्यातून आजींना काय कळलं? वाचल्या तर त्या स्वतःच्या पायांनी घरी येतील का? आपल्या हाताने जेवतील का?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील सर्जन ग्रेचेन श्वार्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपी पद्धत तयार केली. तिचं नाव 'बेस्ट केस / वर्स्ट केस'. म्हणजे चांगल्यात चांगलं काय होईल आणि वाईटात वाईट काय होईल. साहित्य फक्त कागद आणि पेन!

कृती अशी :

१) कागदावर शेजारी शेजारी दोन उभ्या रेषा काढायच्या. एक ऑपरेशनची, दुसरी ऑपरेशन न करता फक्त वेदना कमी ठेवण्याची.

२) प्रत्येक रेषेच्या वरच्या टोकाला चांदणी, म्हणजे सगळं नीट झालं तर. खालच्या टोकाला चौकोन, म्हणजे सगळं बिघडलं तर.

३) मध्ये लंबगोल, म्हणजे बहुधा काय होईल. पेशंट आधीच अशक्त असेल, हृदय कमजोर असेल, तर लंबगोल चौकोनाकडे सरकतो.

४) प्रत्येक खुणेजवळ सर्जन गोष्टीसारखं सांगतात. ऑपरेशनची चांदणी : काही दिवस आयसीयू, काही आठवडे दवाखाना, नंतरही कोणाच्या तरी आधाराने जगणं. चौकोन : व्हेंटिलेटरवर असतानाच मृत्यू. दुसऱ्या रेषेची चांदणी : थोडेच दिवस, पण वेदना आटोक्यात आणि घरची माणसं जवळ.

५) मग सर्जन आजींना विचारतात, "तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?" उत्तर ऐकून मगच आपला सल्ला देतात.

पाहिलंत? ऑपरेशन यशस्वी झालं तरी आधीचं आयुष्य परत मिळेलच असं नाही. एखादी आजी म्हणेल, "परावलंबी झाले तरी चालेल, नातीचं लग्न बघायचंय." दुसरी म्हणेल, "मला नळ्या नकोत." दोघींचंही बरोबरच आहे. पण हे ठरवायला चित्र आधी समोर हवं.

आपण मात्र "त्यांना काही सांगू नका" म्हणून डॉक्टरांना बाजूला घेतो. तुमच्या घरी अशी वेळ आली, तर आजी-आजोबांना सोबत बसवा आणि तीन प्रश्न विचारा : चांगल्यात चांगलं काय होईल? वाईटात वाईट काय होईल? आणि बहुधा काय होईल?