समुद्र कुणाच्या मालकीचा?

नाशिकच्या मुलांना समुद्र लांबचा वाटतो, म्हणून हा पाठ मी द्राक्षांपासून सुरू करते. निफाड-दिंडोरीची द्राक्षं कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात जातात आणि तिथून तांबडा समुद्र, सुएझमार्गे नेदरलँडच्या रॉटरडॅमला. मुलं हमखास विचारतात, "मॅडम, वाटेत टोल लागतो का?"

सुएझला लागतो, कारण तो माणसांनी खणलेला कालवा आहे. खुल्या समुद्रात लागत नाही. पण एकेकाळी लागायचा! 16व्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला. तो नसेल तर जहाज जप्त. मुघल बादशहाच्या जहाजांचीही त्यातून सुटका नव्हती.

1603 मध्ये डचांनी सिंगापूरजवळ एक पोर्तुगीज जहाज पकडलं. त्याच्या समर्थनासाठी ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाने जे लिहिलं, त्यातलाच एक भाग 1609 मध्ये 'मुक्त समुद्र' अशा अर्थाच्या लॅटिन नावाने छापला गेला. त्याचं म्हणणं असं की, समुद्र कुंपण घालून ताब्यात ठेवता येत नाही आणि जहाजं गेल्याने तो संपतही नाही, मग मालकी कसली? इथे थांबून मुलांना विचारा, हा वकील कुणाचा? डच ईस्ट इंडिया कंपनीचा. पुढे त्याच कंपनीने मसाल्याच्या बेटांवर इतरांना व्यापार करू दिला नाही.

म्हणूनच कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर स्वतःचं दस्तक मागू लागले, तेव्हा इंग्रजांनी त्यांना 'चाचा' म्हणणं मला पटत नाही. पोर्तुगीजांनी परवाना काढला तर ती सत्ता, आणि आंग्र्यांनी काढला तर चाचेगिरी?

आज 1982 चा सागरी कायद्याचा करार आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किमी, प्रादेशिक समुद्र. तिथूनही परकीय जहाजाला उपद्रव न करता जाता येतं. मुलं हे हटकून विसरतात. 200 मैलांपर्यंत मासे, तेल यांवर आपला हक्क, पाण्यावर मालकी नाही. मुंबईपासून सुमारे 160 किमीवरचं बॉम्बे हाय याच पट्ट्यातलं.

2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. कायदा होता तसाच होता, पण कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. द्राक्षांचा प्रवास लांबला, भाडं वाढलं.

वर्गात पृथ्वीगोल आणि सुतळी घ्या. न्हावाशेवा ते रॉटरडॅम दोन्ही वाटा मुलांनाच मोजू द्या.