मूळ गोष्ट संपल्यावर

परभणी
21 डिसेंबर 2025

चि. सायलीस,


तुझा मेसेज परवाच वाचला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण प्रश्न मनात घोळत राहिला, म्हणून सावकाश लिहायला बसलो. स्टीमवर हिवाळी सेल लागलाय, 'द विचर 3'ची दोन्ही एक्स्पान्शन्स स्वस्तात मिळतायत, 'एल्डन रिंग'चंही एक आहे, आणि इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड हातात आलाय. घेऊ का, की पैसे पाण्यात जातील, असं तू विचारलंस. आणि खाली हळूच आणखी एक ओळ घातलीस: घरी यंदा सोयाबीन गेलेलं असताना मी खेळावर खर्च करणं बरं दिसतं का?

त्या ओळीचं आधी सांगतो. सप्टेंबरच्या पावसानं आपल्या जिल्ह्यात जे झालं ते तू सुट्टीत डोळ्यांनी पाहिलंस. तुझ्या बाबांचं नुकसान तू खेळ न घेतल्यानं भरून निघणार नाही आणि घेतल्यानं वाढणारही नाही. घरी जेवढे पाठवायचं तू ठरवलं असशील तेवढे आधी पाठव. उरलेले तुझ्या कष्टाचे आहेत. त्यातून काही घेतलंस तर मन खात बसू नकोस. मनात अपराधी वाटत असलं की माणूस खेळतही नाही धड आणि अभ्यासही करत नाही.

आता मुख्य प्रश्न. डीएलसी, म्हणजे खेळाला मागाहून जोडायची भर, या एकाच नावाखाली दुकानात फार वेगवेगळा माल विकला जातो, म्हणून 'डीएलसी घ्यावं का' याला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. 2006 मध्ये बेथेस्डा कंपनीनं 'ओब्लिव्हियन' या खेळासाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. घोडा रुबाबदार दिसायला लागला, गोष्ट होती तिथेच राहिली. जगभरच्या खेळणाऱ्यांनी तेव्हा जो आरडाओरडा केला तो मला अगदी रास्त वाटतो. पण त्याच कंपनीनं त्याच खेळासाठी पुढच्याच वर्षी 'शिव्हरिंग आइल्स' काढलं. त्यात वेडाच्या देवाचं एक अख्खं राज्य आहे, त्याचे दोन भाग, दोन्हीकडची माणसं निराळी, वेडही निराळं. तेव्हा कंपनीचं नाव पाहून काही ठरवू नकोस. आत काय आहे ते बघ.

घोड्याच्या चिलखताहून मला जास्त खटकतो तो दुसरा प्रकार. 2009 चा 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा खेळ एरवी मला प्रिय आहे. त्यात आपल्या तळावर एक माणूस येतो, आपल्या घराण्याची कैफियत सांगतो, मदत मागतो. आपण हो म्हणायला जावं तर खेळ सांगतो की हे काम करायचं असेल तर आधी विकत घ्या. कथा रंगात आलेली असताना कथेतल्याच माणसाच्या तोंडून पैसे मागणं हा ऐकणाऱ्याचा अपमान आहे. याच मालिकेच्या 'इन्क्विझिशन' या 2014 च्या खेळात गोष्टीचा खरा उलगडा मूळ खेळात नाहीच. तो पुढच्या वर्षी 'ट्रेसपासर' नावानं वेगळा विकला. 'ट्रेसपासर' उत्तम आहे, मी नाकारत नाही. पण शेवट हा मूळ गोष्टीचा भाग असतो आणि ज्यानं पूर्ण खेळाचे पैसे दिले त्याला तो तिथेच मिळायला हवा होता. मूळ गोष्टीतून कापून काढलेला तुकडा वेगळ्या पुड्यात बांधून दिला असेल तर तो कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस.

मग घ्यावं काय? ज्यात कर्त्यांना आणखी काही सांगायचं होतं ते. हे ओळखता येतं, आणि त्यासाठी 'विचर'सारखं उदाहरण नाही.

वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेडनं 'विचर 3' मे 2015 मध्ये काढला. त्यानंतर सोळा लहान लहान भरी त्यांनी फुकट दिल्या: कुठे नवं चिलखत, कुठे एखादं काम. बारीकसारीक वस्तूंचे पैसे घ्यायचे नाहीत हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं. पैसे घेतले ते दोनच गोष्टींचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि मे 2016 अखेर 'ब्लड अँड वाइन'. दुसरं तर एवढं मोठं निघालं की त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट रोल प्लेइंग खेळाचा मान या पुरवणीलाच मिळाला, स्वतंत्र खेळांना मागे सारून.

पण माझ्या मनात घर केलं ते पहिल्यानं. तुझा जुना संगणक तू माझ्याकडे ठेवून गेलीस, त्यावर उन्हाळ्यात रात्री कॉलेजचे पेपर तपासून झाले की मी ते खेळत असे. ओल्गिएर्ड नावाचा एक सरदार आहे. सैतानासारख्या एका व्यापाऱ्याशी त्यानं करार केलाय. मरण टळलं, पण काळीज दगडाचं झालं. पोलंडात पान त्वार्दोव्स्की नावाच्या, सैतानाला आत्मा विकलेल्या माणसाची जुनी दंतकथा आहे, तिच्यातून हे बीज आलंय. सगळं सांगून तुझा रस घालवत नाही. एकच जागा सांगतो. ओल्गिएर्ड खेळाच्या नायकाला, जेराल्टला, तीन कामं सांगतो. त्यातलं शेवटचं म्हणजे त्यानं बायकोला दिलेलं एक जांभळं गुलाब परत आणायचं. त्यासाठी तू एका ओसाड वाड्यात जातेस आणि तिथून त्या बाईनं काढलेल्या चित्राच्या आत. तिथे जेवणाचं टेबल आहे, बाजूला सावलीसारखी माणसं उभी आहेत, आणि तुझं काम काय, तर त्या घरात कधी काळी काय घडलं ते जसंच्या तसं मांडून दाखवायचं. वस्तू जागच्या जागी ठेवली की एक आठवण पुरी होते, नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येतं. मूळ खेळात शे-दीडशे तास तलवार चालवून झाल्यावर मी पहिल्यांदा तिथे गप्प बसून राहिलो. ते गुलाब घ्यायचं की तिच्यापाशीच राहू द्यायचं, हे तुला ठरवायचंय. मूळ खेळात काही कमी पडलं म्हणून हे जोडलेलं नाही. मूळ खेळ त्याशिवाय पुरा होता. तरीही हे सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलंय. हीच खूण बघायची.

मागाहून जोडलेलं म्हणजे दुय्यम, असं आपल्याकडेही काही जण मानतात. मला ते पटत नाही, आणि त्याचा दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. थालीपाकाची कथा तुला आजीनं सांगितलीय. पांडव वनात, सूर्यानं दिलेली थाळी द्रौपदी जेवेपर्यंतच अन्न देते, आणि ती जेवून उठल्यावर दुर्वास शिष्यांचा तांडा घेऊन येतात. मग कृष्ण थाळीला चिकटलेलं भाजीचं पान खातो आणि तिकडे नदीवर सगळ्यांची पोटं भरतात. पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली, त्यात आरण्यकपर्व विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादित केलं. ते 1942 मध्ये छापून झालं. शेकडो वर्षांच्या पोथ्या ताडून पाहिल्यावर दुर्वासांचा हा प्रसंग मूळ संहितेत बसेना, तो परिशिष्टात गेला. म्हणजे ही भर, कुणीतरी मागाहून घातलेली. पण त्याच्या कितीतरी आधी गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावावर थालीपाकाची रचना झाली होती, आणि पुढे मुक्तेश्वरांना तिच्यातूनच स्फूर्ती मिळाली असं सांगतात. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या बाईला अठरा पर्वांतून हीच कथा का जवळची वाटली असेल, याचा मी वर्गात मुलांना दरवर्षी विचार करायला लावतो. रिकामं भांडं आणि दारात आलेली माणसं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? सुकथनकरांचा निर्णय शास्त्राप्रमाणे बरोबर आणि जनाबाईंची निवडही बरोबर. भर मूळची नाही हे खरं असूनही ती जिवंत असू शकते.

हरिवंशाचंही तेच. महाभारतात कृष्ण भेटतो तो मोठा झालेला. त्याचं गोकुळातलं बालपण हवं तर महाभारताला जोडलेल्या हरिवंशाकडे जावं लागतं. आपल्याकडे गावोगाव हरिविजयाची पारायणं होतात, त्यातला रांगणारा कृष्ण मूळ महाभारतात शोधून सापडायचा नाही.

म्हणून घेण्याआधी स्वतःला एवढंच विचार: हे नसतं तर मूळ खेळ अपुरा राहिला असता का? 'हो' असेल तर तो तुकडा तुझ्याकडून दुसऱ्यांदा पैसे उकळण्यासाठी राखून ठेवलाय. 'नाही' असेल आणि तरीही त्यात नवी माणसं, नवा पेच असेल, तर खुशाल घे. नुसती नवी तलवार, नवा पोशाख असेल तर सोडून दे. तासांचा हिशेब मांडू नकोस. 'दहा तासांचं एवढ्याला, वीस तासांचं तेवढ्याला' असा भाव लावणं मला आवडत नाही. 'हार्ट्स ऑफ स्टोन' 'ब्लड अँड वाइन'पेक्षा बरंच लहान आहे, तरी माझ्या लेखी ते वरचढ आहे.

चांगल्या भरीचं एक उदाहरण तुझ्या जवळच, पुण्यातच आहे: नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' हा खेळ केला. महाबलासुराशी लढा, भाऊ हरवलेली मुलगी, राजस्थानी वाड्यांसारखे देखावे. 2020 मध्ये आला तेव्हा शेवट अचानक तुटल्यासारखा वाटतो असं अनेकांनी म्हटलं, मलाही वाटलं. 2022 मध्ये त्यांनी सुधारलेली आवृत्ती काढली, हिंदी आवाजही दिले, आणि ज्यांच्याकडे खेळ आधीपासून होता त्यांना ती फुकट दिली. एवढ्याशा चमूनं हे करावं याचं मला फार कौतुक आहे. त्यांनी राजीची पुढची गोष्ट कधी विकायला काढली, तर सेलची वाट न पाहता पूर्ण किमतीला घे. तसंच बेल्जियमच्या लारियननं 'बाल्डर्स गेट 3'चं एक्स्पान्शन करायचंच नाही असं ठरवलं, 2024 मध्ये जाहीरही केलं, आणि तरी पुढे बारा नवे उपवर्ग फुकट दिले. गोष्ट सांगून झाली असेल तर थांबावं, हेही कर्त्याला कळावं लागतं.

आता तुझ्यापुरतं. 'विचर 3'मध्ये तू अजून वेलेन प्रांतात, बॅरनच्या वाड्यातच आहेस असं तूच लिहिलंस. 'हार्ट्स ऑफ स्टोन'साठी साधारण तिसावी पातळी लागते, 'ब्लड अँड वाइन'ला चौतिसावी. थेट तयार जेराल्ट घेऊन तिथूनच सुरू करायची सोय खेळात आहे, ती वापरू नकोस. 'ब्लड अँड वाइन'च्या अखेरीला जेराल्टच्या दारात कोण येतं, हे तू मूळ गोष्टीत कुणाशी कशी वागलीस त्यावर ठरतं. त्या ओळखी न जोडता तिथे पोचलीस तर ती भेट एखाद्या परक्या माणसाची होईल. तेव्हा जेराल्ट जिच्या शोधात निघालाय त्या सिरीला आधी शोध, मूळ गोष्ट शेवटापर्यंत ने. सेल 5 जानेवारीपर्यंत आहे आणि उन्हाळ्यात पुन्हा लागतो. हे दोन्ही भाग इतके जुने झालेत की त्यांची किंमत आता वर जायची नाही. आत्ताच घेऊन ठेवायचं असेल तर दोन्ही मिळून असलेला पास आणि सुटे भाग यांचे भाव ताडून पाहा, एवढंच.

'एल्डन रिंग'चं 'शॅडो ऑफ द अर्डट्री' मात्र आज घेऊ नकोस. राडान आणि मोग या दोघांना हरवल्याशिवाय तिकडचा रस्ताच उघडत नाही, आणि तुझा मोग अजून जिवंत आहे. परीक्षाही जानेवारीतच आहे. खेळ वाट पाहील.

आणि ज्यांची नावंसुद्धा अजून ठरलेली नाहीत अशा येऊ घातलेल्या भागांचे आगाऊ पैसे घेणारे सीझन पास, ते कधीच नाही. न लिहिलेल्या गोष्टीवर विश्वास टाकायचा तर कर्ता 'विचर'वाल्यांसारखा कसाला उतरलेला हवा. तशी माणसं थोडी.

संक्रांतीला येशील तेव्हा आपण गंगाखेडला जाऊ. इथे थंडी चांगलीच पडलीय, स्वेटर आण, आणि तुझा कंट्रोलरही. जांभळ्या गुलाबाचं तू काय केलंस ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तोवर तिथपर्यंत पोचली नसशील तर उन्हाळ्यात सांग.

तुझा,
मामा