जुन्या मोटारीस दुसरें इंजिन : आधीं हिशेब, मग हत्यार

जयसिंगपूरहून कोल्हापुराकडे किंवा सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभें राहिलें असतां एखादी जुनी जीप किंवा पद्मिनी मोटार खोकत, धूर सोडीत जातांना अजूनहि दृष्टीस पडते. तिच्या मालकास कोणीतरी हटकून सांगतो, "अहो, इंजिनच बदलून टाका कीं!" सल्ला ऐकावयास सोपा, परंतु त्यांत किती गोष्टी गुंतलेल्या असतात, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. पदार्थविज्ञान व त्रैराशिक हीं केवळ परीक्षेकरितां नसतात, हेंहि ओघानें कळून येईल.

एका कारखान्याची मोटार व दुसऱ्याचें इंजिन हा संयोग अशक्य नव्हे. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून जीप गाड्या जुळविण्यास आरंभ केला. पुढें पेट्रोल महाग झाल्यावर, १९७९ सालीं तिनें पूजो या फ्रेंच कारखान्याशीं डिझेल इंजिनाविषयीं करार केला, आणि तें इंजिन जीपमध्यें बसूं लागलें. कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यानें १९८५ च्या सुमारास '११८ एन. ई.' ही मोटार काढली. तिचें अंग फियाट १२४ च्या घडणीचें, तर १,१७१ घन सेंटिमीटरचें इंजिन जपानच्या निसानचें. मात्र कारखान्याजवळ नकाशे, मापें, कसबी अभियंते आणि चांचणीकरितां वेळ असतो. आपणांजवळ यांतील काय आहे, हा पहिला प्रश्न होय.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतों. वडिलांच्या हातची पद्मिनी त्यांना जिवाहून प्रिय. त्यांनीं भंगार बाजारांतून एक डिझेल इंजिन स्वस्तांत मिळालें म्हणून आधीं विकत घेतलें, आणि मग तें बसेल कीं नाहीं हें पाहूं लागले. इंजिनाचें तेलाचें चेंबर खालच्या आडव्या पट्टीस टेकूं लागलें. तेव्हां मिस्त्रीनें ती पट्टीच कापली. त्या पट्टीच्या आधारावर पुढील चाकें सरळ राहत होतीं, हें दोघांच्याहि ध्यानांत आलें नाहीं. पुढें चाकें ओढूं लागलीं, नोंदणीहि मिळाली नाहीं, आणि मोटार दोन पावसाळे विटांवर उभी राहिली. मुलीच्या शिक्षणाकरितां ठेवलेले पैसे त्यांत गेले, याचें त्यांना आजहि वाईट वाटतें. चूक हातोड्याची नव्हती, क्रमाची होती.

तो क्रम असा असावा. प्रथम, इंजिन खरोखरच निकामी झालें आहे काय, हें ठरवावें. धूर येतो, जोर कमी झाला, एवढ्यानें इंजिन मेलें असें होत नाहीं. बोअर करून नवे पिस्टन व रिंगा घालणें, क्रँक घासून नवीन बेअरिंगें बसविणें, हीं कामें कोल्हापूरच्या उद्यमनगरांत होतात. पुष्कळदां खरें औषध हेंच असतें.

दुसरें, कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ कारखान्यानें दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकानें करूं नये. ठराविक अटींवर इंधन बदलण्याची मुभा मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. याकरितां एक पैसाहि खर्च करण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी. तेथें नकार मिळाला तर विषय तेथेंच संपवावा. विमा कंपनीसहि कळवावें. नाहीं तर अपघाताच्या वेळीं विमा असून नसल्यासारखा होतो.

तिसरें, माप. पद्मिनींत इंजिन लांबीच्या दिशेनें बसतें व शक्ति मागील चाकांस जाते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत तें आडवें असून पुढचीं चाकें फिरवितें. म्हणून असलें इंजिन उचलून तिच्यांत ठेवतां येत नाहीं. लांबी, रुंदी, उंची, वजन, फाउंडेशनच्या जागा, चेंबर, रेडिएटर व सुकाणूचा दांडा यांचीं मापें कागदावर मांडावीं. इंजिन व गिअरबॉक्स यांची जोडी शक्य तों मोडूं नये. क्लच व शाफ्टचे दांते जुळविणें हें फार नाजूक काम आहे. गिअरबॉक्स लांब किंवा आंखूड निघाला तर प्रॉपेलर शाफ्टहि बदलावा लागतो, व तो तोलून घ्यावा लागतो.

चौथें, गतीचें गणित. चाकाचा परीघ १.८ मीटर व डिफरन्शिअलचें प्रमाण ४.३ : १ मानूं. वरच्या गिअरमध्यें शाफ्ट इंजिनाबरोबरच फिरतो असें धरूं. पेट्रोल इंजिन मिनिटास ४,००० फेरे करील तर चाक सुमारें ९३० फेरे करील; म्हणजे मिनिटास १,६७४ मीटर, तासास सुमारें १०० किलोमीटर. आतां मंद चालीचें डिझेल इंजिन ३,००० फेऱ्यांवर थांबत असेल, तर तीच मोटार ७५ च्या पुढें जाणार नाहीं. जुनी गति हवी असेल तर प्रमाण ३.२ च्या आसपास आणावें लागेल. पुष्कळांस इंजिन बसल्यानंतर हें कळतें!

पांचवें व सर्वांत महत्त्वाचें, ब्रेक. धांवत्या वस्तूची गतिज शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग ६० वरून ८० झाला तर ती १६ : ९ या प्रमाणांत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट होते. इंजिनास जोर दिला आणि ब्रेक, स्प्रिंगा व टायर जुनेच ठेवले, तर मोटार धांवावयास शिकली, पण थांबावयास विसरली, असें होईल. इंजिन जड असल्यास पुढील स्प्रिंगा दबतात व सुकाणूहि जड होतें.

शेवटीं खर्चाचा आंकडा मांडतांना रेडिएटर, नळ्या, सायलेन्सर, वायरिंग व मजुरी वेगवेगळीं लिहावीं, आणि अनपेक्षित खर्चाकरितां वेगळी रक्कम ठेवावी. बेरीज दुसऱ्या चांगल्या मोटारीच्या किंमतीपाशीं जात असेल, तर मनास समजावून वही मिटावी.

विद्यार्थ्यांनो, घरीं जुनें वाहन असेल तर त्याच्या चाकाचा परीघ दोरीनें मोजा, डिफरन्शिअलचें प्रमाण मिस्त्रींस विचारा व वरील गणित स्वतः करून वडिलांस दाखवा. कदाचित् तुमच्या एका कागदानें घरचे कष्टाचे पैसे वांचतील. आणि इंजिन बदलावयाचेंच ठरलें, तर तें मोजूनमापून बदललें जाईल.