दसऱ्याला वसतिगृहाची खोली भाविकांना भाड्याने द्यावी का?

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात शिकतो आणि तिथल्या वसतिगृहात राहतो. दसऱ्याला जोडून सुट्टी मिळाली की तो गावी येतो. नेमक्या त्याच दिवसांत अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या लोकांना लॉज मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. त्याचे मित्र म्हणतात, रिकामी खोली चार दिवस भाविकांना दिली तर मेसचं बिल सुटेल. परदेशात मुलं असंच करतात, असंही त्यांचं म्हणणं आहे. मुलगा मला विचारतो, "खोलीचे पैसे आपण भरलेत, मग गैर काय?" मला नीट उत्तर देता आलं नाही.
— एक आई, गगनबावडा

उत्तर : ताई, थेट सांगायचे तर ही खोली तुमच्या मुलाला भाड्याने देता येत नाही. खोली रिकामी असली तरी नाही, भाविक ओळखीचे असले तरी नाही. एक पैसा न घेता नुसती वापरायला द्यायची म्हटली, तरी रेक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पण मुलाचा प्रश्न चांगला आहे. 'नियम आहे म्हणून' एवढ्यावर त्याची बोळवण करू नये.

त्याने भरलेले पैसे खोलीचे नाहीत, तिथे त्याने स्वतः राहण्याचे आहेत. जागेवर कोणताही हक्क न देता ती फक्त वापरू देणे, याला १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचे ५२ वे कलम परवाना म्हणते. वसतिगृहातले राहणे हे याच प्रकारात मोडते. याच कायद्याच्या ५६ व्या कलमात एक गमतीची पण फार नेमकी गोष्ट आहे. सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्याचा परवाना दुसऱ्याला देता येतो, बाकीचे परवाने देता येत नाहीत. म्हणजे एखाद्या नाटकाच्या प्रयोगाचे तिकीट काढले आणि ऐनवेळी जाता आले नाही, तर ते मित्राला खुशाल द्यावे. वसतिगृहातली खाट मात्र देता येत नाही. ती त्याला त्याच्याकडे पाहून दिलेली असते: त्याचा प्रवेश, त्याचे गुण, घरची परिस्थिती, गावाचे अंतर. हे सगळे बाजूला ठेवून तीच खाट तिसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार त्या पावतीत नसतो.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाही मुलाच्या मदतीला येत नाही. त्यातल्या परवानाधारकाच्या व्याख्येतून हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय, धर्मशाळा, अनाथाश्रम अशा ठिकाणी राहणारे लोक वगळलेले आहेत. उद्या हा प्रकार उघडकीला आला आणि रेक्टरांनी खोली काढून घेतली, तर 'मी भाडेकरू आहे' असे म्हणायची सोय नाही. त्याचे मित्र राजारामपुरीत किंवा मंगळवार पेठेत कोणाच्या घरात खोली घेऊन राहत असतील, तर त्यांची गोष्ट थोडी वेगळी, पण निकाल तोच. करारात तशी मुभा नसेल तर याच कायद्याच्या २६ व्या कलमाने पोटभाडेकरू ठेवायला मनाई आहे, आणि पोटभाडेकरू ठेवणे हे जागा खाली करून घेण्याचे एक कारण ठरते. चार दिवसांच्या भाड्यापायी वर्षाची जागा आणि डिपॉझिट दोन्ही धोक्यात येतात.

शिवाय खोलीत तो एकटा नसतो. दोघे-तिघे मिळून राहतात. एकाच्या सुट्टीत दुसरा परीक्षेचा अभ्यास करत असतो. पाहुणा त्याच्या शेजारच्या खाटेवर येऊन झोपणार, त्याच्या कपाटाशेजारी सामान टाकणार. पाहुण्याला रात्री छातीत दुखू लागले, किंवा कोणाचा लॅपटॉप गेला, तर जबाबदार कोण? लॉजवाला ओळखपत्र पाहतो, नोंदवहीत नाव लिहितो. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती कळवावी लागते. यातले काहीही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने अंगावर घेऊ नये. आपल्या पोराला आपण त्या जागी उभे करू नये.

कायद्यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते कोल्हापुरातल्या खाटेचे मोल. तुमच्या तालुक्याला ते वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात कुंभीचे पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर चढले की कोल्हापूरची एसटी बंद. पन्नास-पंचावन्न किलोमीटर रोज ये-जा करून शिकायचे म्हटले तर जुलै-ऑगस्टात किती तास बुडतील, याचा हिशेब गगनबावड्यातल्या प्रत्येक घरात केलेला असतो. शहरात खाट मिळाली तरच पुढचे शिक्षण, असे असणारी मुले आजही पुष्कळ आहेत.

शाहू महाराजांनी नेमके हेच ओळखले होते. शाळा फुकट केली तरी खेड्यातला मुलगा शहरात राहणार कुठे आणि जेवणार कुठे? सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालवण्याचा त्यांचा आधीचा प्रयत्न फसला होता. मग १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, आणि त्यानंतर एकेका समाजाला हाताशी धरून त्यांनी बोर्डिंगांची रांगच लावली. जैन, लिंगायत, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. कुठे जागा दिली, कुठे इमारत, कुठे वर्षासन. मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थेचे तर अध्यक्षपदही त्यांनी स्वतःकडे घेतले. १९२० मध्ये नाशिकला उदोजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिलाही त्यांच्याच हस्ते बसली.

या खाटा किती मोलाच्या होत्या, हे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रातून कळते. शाळेत असताना ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते जाऊन आले. परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीला आणणारे वसतिगृह काढले. खाट गमावणे म्हणजे काय असते, हे ज्याने सोसले त्याने हजारो मुलांना खाट दिली.

आता दसऱ्याचे पाहा. विजयादशमीला सोने लुटण्याचा शाही सोहळा होतो तो दसरा चौकात, आणि मुस्लिम बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग त्याच चौकात आहेत. सगळे शहर मुलांच्या दारात येऊन उभे राहते. अशा वेळी 'आपल्या खोलीला आज किती मागणी आहे' हा विचार मुलांच्या मनात आला तर त्यांना दोष देता येत नाही. पण ही खोली बाजारभावाच्या बाहेर राहावी म्हणूनच कोणीतरी जागा दिली, कोणीतरी देणगी दिली. मुलगा तिथे कमी पैशांत राहतो तो त्यामुळे. कमी पैशांत मिळालेली जागा चढ्या भावाने पुढे दिली, तर मधला फरक देणगी देणाऱ्याच्या खिशातून काढून घेतल्यासारखे होते. मुलाला 'गैर काय' याचे उत्तर द्यायचे असेल तर हे द्या.

वसतिगृहे परक्यांसाठी कधी उघडतच नाहीत, असेही नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापुरातल्या शाळा, मठ, बोर्डिंगे पूरग्रस्तांना आसरा द्यायला उघडली. करोनाच्या काळात शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहांत रुग्णांची सोय झाली. तेव्हा निर्णय संस्थेने आणि प्रशासनाने घेतला, उघडपणे घेतला, आणि कोणी त्याचे भाडे खिशात घातले नाही.

परदेशाचे उदाहरण मुले देतात, ते अर्धेच खरे आहे. एडिंबरो शहरात ऑगस्टमध्ये नाट्य-कला महोत्सवाला जगभरातून लोक येतात, तेव्हा विद्यापीठाच्या निवासात पाहुणे उतरतात. पण त्या खोल्या विद्यापीठच देते, विद्यार्थी सुट्टीवर गेल्यावर. घरातल्या खोल्या पाहुण्यांना मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीच्या सुरुवातीची कथाही मुलांनी ऐकली असेल. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनची परिषद होती, हॉटेले भरली होती, तेव्हा दोन तरुणांनी आपल्या घरात हवेच्या तीन गाद्या टाकून ८० डॉलरला एक याप्रमाणे पाहुणे ठेवले. ते शिक्षण संपवून बाहेर पडलेले होते आणि घरभाडे स्वतः भरत होते. कोणाच्या देणगीतली खाट त्यांनी पुढे दिली नव्हती.

उलटी बाजू पॅरिसला दिसली. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी सरकारने विद्यार्थी निवासांतल्या दोन हजारांहून अधिक खोल्या सुरक्षा, आरोग्य वगैरे कामांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी घ्यायचे ठरवले. मुलांना १०० युरो आणि सामन्यांची दोन तिकिटे देऊ केली. विद्यार्थी संघटना न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचा मार्ग मोकळा केला. मला तो निर्णय पटत नाही. उन्हाळ्यात शहरातच राहून काम करणाऱ्या, घरी जाण्याइतके पैसे नसलेल्या मुलांनाच त्याची झळ बसली. नाशिकला २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. गर्दीच्या दिवसांत वसतिगृहे रिकामी करून घ्यायचा विचार तिथे कोणाच्या मनात आला, तर आधी पॅरिसच्या मुलांना विचारावे.

मेसच्या बिलाची अडचण मात्र खरी आहे आणि तिची लाज बाळगू नये. शिवाजी विद्यापीठात कमवा व शिका योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्जांच्या मुदती असतात, त्या चुकवू नका. कॉलेजच्या कार्यालयात सुट्टीच्या आधीच चौकशी करायला सांगा.

मुलांना आणखी काही करावेसे वाटत असेल तर सगळ्यांनी मिळून रेक्टरांना लेखी विचारावे: मे महिन्यात, वसतिगृह खरोखर रिकामे असताना, संस्थेनेच काही खोल्या भाविकांना द्याव्यात आणि ती रक्कम गरजू मुलांच्या मेससाठी वेगळी ठेवावी, असे होईल का? हो म्हणायचे की नाही हे विश्वस्तांनी ठरवावे. नवरात्रात मात्र नको. सत्र चालू असते, निम्मी मुले तिथेच असतात. आणि मुलींच्या वसतिगृहात तर कोणत्याच महिन्यात नको.

शेवटी तुमच्यासाठी एक सुचवते. पाहुण्यांना खोली द्यायची हौस असेल तर ती गगनबावड्यातल्या घरात भागवा. ते घर तुमचे आहे. पावसाळ्यात करूळ आणि भुईबावडा घाट पाहायला माणसे येतात, गगनगडावर लोक जातात, पळसंबेची लेणी पाहणारेही असतात. त्यातल्या कित्येकांना मुक्काम करावासा वाटतो. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांची नोंदणी करता येते. अट एवढीच मोठी की घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असावे. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करा, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला कळवा, पाहुण्यांची नोंदवही ठेवा. सुरुवातीला एकच खोली काढा. कोरडी गादी, स्वच्छ संडास, अंघोळीला गरम पाणी आणि नाचणीची भाकरी एवढे असले तरी तुमच्याकडच्या पावसात माणूस खूश होतो. नोंदवही लिहायचे काम दसऱ्याच्या सुट्टीत आलेल्या मुलाकडे द्या, आणि त्याचे पैसेही त्याला द्या.