घरातील प्रत्येक मुलाचा हक्क

पवित्र कुरआनने संततीला ऐहिक जीवनाची शोभा म्हटले आहे (अल-कहफ : ४६) आणि तीच संतती एक कसोटी आहे, असेही बजावले आहे (अत-तगाबुन : १५). बहुतेक घरांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रसंगी आठवतात. ज्या घरात एखादे मूल जन्मतःच गंभीर आजार घेऊन येते, त्या घरात मात्र त्या रोज एकत्रच आठवतात. या पाठात आपण अशा घराचा विचार करणार आहोत. आजारी मुलाचा तर करूच, पण त्याच्या निरोगी भावंडांचाही करू, कारण त्यांच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

एक घर

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होती. आज या शहराची ओळख पोलादाची आहे. एमआयडीसीतील भट्ट्यांत भंगार वितळते, रोलिंग मिलमधून लाल तापलेली सळई बाहेर पडते आणि त्या धगीपुढे हजारो हात आपल्या मुलाबाळांची भाकरी कमावतात.

अशाच एका कामगाराचे घर डोळ्यांपुढे आणा. तीन मुले आहेत. मधल्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते. त्या दिवशी अब्बा पाळी बदलून घेतात, अम्मी पहाटेच डबा बांधून मुलाला घेऊन रुग्णालयात जाते. धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी शाळा बुडवते. सायंकाळी सर्व परत येतात. नातेवाईक विचारतात, “हिमोग्लोबिन किती भरले?” त्या दिवशी थोरलीची चाचणी परीक्षा होती, हे कोणी विचारत नाही. तीही सांगत नाही. भावाच्या हाताला सुई टोचलेली असताना आपल्या परीक्षेचे काय बोलायचे, असे तिला वाटते.

हे घर काल्पनिक आहे; परंतु असे घर ज्यांचे आहे, त्यांना ते ओळखता येईल.

आजार समजून घ्या

थॅलेसेमिया मेजरमध्ये शरीर पुरेसे निरोगी हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. म्हणून साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि ते आयुष्यभर चालते. दुसरी अडचण त्याच उपचारातून उद्भवते. रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते आणि जादा लोह बाहेर टाकण्याची नैसर्गिक सोय मानवी शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात आणि ग्रंथींमध्ये साचत जाते. बाप दिवसभर लोखंड वितळवतो आणि घरी मुलाच्या अंगात साचणाऱ्या लोहाची त्याला चिंता असते. म्हणूनच लोह बाहेर काढणारी औषधे रक्ताइतकीच आवश्यक आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नयेत. मूल हसते-खेळते दिसले तरी थांबवू नयेत.

उपचार करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. अल्लाहचे दास उपचार घेऊ शकतात काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार घेण्यास सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी). उंट मोकळा सोडून केवळ भरवसा ठेवू इच्छिणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधण्यास शिकविले (तिर्मिजी). तावीज-गंड्यांच्या मागे लागून रक्ताची तारीख चुकविणे म्हणजे उंट मोकळा सोडणेच होय.

दोष कोणाचा?

अशा घरात पहिला आघात आजाराचा असतो आणि दुसरा लोकांच्या जिभेचा. बोट बहुधा सुनेकडे जाते. वस्तुस्थिती अशी आहे की थॅलेसेमिया मेजरसाठी आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक, म्हणजे ‘मायनर’, असावे लागतात. वाहक व्यक्ती स्वतः प्रायः निरोगी असते. तिला आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. एकट्या मातेकडून हा आजार येतच नाही. मग तिला बोल लावणे हा अज्ञानावर उभारलेला जुलूम ठरतो.

आजाराला पापाची शिक्षा ठरविण्याचा अधिकारही आपल्याला नाही. ह. अय्यूब (अलै.) पैगंबर होते आणि दीर्घ पीडेत होते, अल्लाहने त्यांच्या सब्रची प्रशंसा केली (सॉद : ४४). एक जीव दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हा कुरआनचा नियम आहे. आई-वडिलांच्या चुकीसाठी तान्ह्या बाळाला दंड होतो, असे मानणे या नियमाशी जुळत नाही.

समान वाटणी आणि न्याय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका मुलाला अधिक वेळ, अधिक पैसा आणि अधिक जागरण द्यावे लागते. हा इतर मुलांवर अन्याय आहे काय?

ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांना त्यांच्या वडिलांनी एक देणगी दिली. त्यांच्या मातोश्री ह. अम्रह बिन्त रवाहा (रजि.) यांनी आग्रह धरला की प्रेषितांना साक्षी ठेवावे. प्रेषितांनी (स.) विचारले की सर्व मुलांना असेच दिले आहे काय. उत्तर नकारार्थी आले. तेव्हा त्यांनी अल्लाहचे भय बाळगून मुलांमध्ये न्याय करण्याचा आदेश दिला आणि साक्षी होण्याचे नाकारले. वडिलांनी देणगी परत घेतली (बुखारी, मुस्लिम). केवळ आवडीपोटी एकाला झुकते माप देण्याविरुद्ध हा स्पष्ट इशारा आहे.

गरजेपोटी दिलेले अधिक माप हा मात्र वेगळा विषय आहे. हम्बली फिक्हचे थोर विद्वान इब्ने कुदामा (मृत्यू हि. सन ६२०) यांनी ‘अल-मुग्नी’त दीर्घ आजार, अंधत्व किंवा मोठा परिवार अशा कारणांसाठी एखाद्या अपत्याला अधिक देण्याची मुभा नमूद केली आहे. तेव्हा आजारी मुलाच्या औषधावर होणारा खर्च पक्षपात ठरत नाही. पण या मुभेला मर्यादा आहे. गरज रक्ताची आणि औषधाची आहे, शाबासकीची, मायेच्या स्पर्शाची आणि “आज शाळेत काय झाले?” या प्रश्नाची गरज तर तिन्ही मुलांना सारखीच आहे. तेथे एकाच्या वाट्याला सगळे आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही, असे झाले तर त्याला आजाराचे कारण पुरत नाही.

ह. सलमान फारसी (रजि.) यांनी ह. अबू दर्दा (रजि.) यांना समजावले की पालनकर्त्याचा, स्वतःच्या जीवाचा आणि कुटुंबीयांचा आपल्यावर हक्क आहे, प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क द्यावा. प्रेषितांनी (स.) त्यांच्या बोलण्याला दुजोरा दिला (बुखारी). या शिकवणीतून आपल्या पाठाचे सूत्र मिळते : माप वेगवेगळे असू शकते, पण कोणाचेही माप रिकामे राहता कामा नये.

यूसुफ (अलै.) यांचे भाऊ, मूसा (अलै.) यांची बहीण

भावंडांच्या मनाचा विचार कुरआनने दोन कथांतून आपल्यापुढे ठेवला आहे.

ह. यूसुफ (अलै.) यांच्या भावांना वाटले की वडिलांना यूसुफ आणि त्यांचा सख्खा भाऊ आपल्यापेक्षा अधिक प्रिय आहेत (यूसुफ : ८). कुरआनने ह. याकूब (अलै.) यांना दोष दिलेला नाही, अपराध भावांच्या मत्सराचा होता. तरीही पालकांसाठी येथे धडा आहे. मुले आपले प्रेम मोजत असतात. मनात साचलेली गोष्ट वेळेवर बोलली गेली नाही तर ती कोठल्या विहिरीपर्यंत नेते, हे या सूरहने दाखविले आहे.

दुसरी कथा ह. मूसा (अलै.) यांची. तान्हे बाळ पेटीत घालून नदीत सोडावे लागले तेव्हा मातेने त्यांच्या बहिणीला मागोवा घेण्यास सांगितले. कुरआनने तिचे नावही दिलेले नाही. तिने दुरून नजर ठेवली आणि फिरऔनच्या लोकांना बाळासाठी दाई हवी असल्याचे पाहून आपल्याच घराची वाट दाखविली. बाळ मातेच्या कुशीत परतले (अल-कसस : ११ ते १३). पुढे मोठेपणी मूसा (अलै.) यांनी आपल्या जिभेची गाठ सुटावी अशी प्रार्थना केली आणि बंधू हारून (अलै.) यांना सहायक म्हणून मागून घेतले, कारण ते अधिक ओघवते बोलत असत (ता-हा : २५ ते ३२, अल-कसस : ३४).

एका कथेत भाऊ भावाला विहिरीत टाकतात. दुसऱ्या कथेत बहीण डोळा होते आणि भाऊ वाणी होतो. येथे एक बारकावा ध्यानात घ्या. मातेने मुलीला विश्वासात घेतले, तिला एक ठरावीक काम दिले आणि बाळाला दूध पाजण्याचे काम स्वतःकडेच ठेवले. बहिणीला मदतनीस करणे आणि बहिणीला दुसरी आई करणे यांत हाच फरक आहे.

घरात काय करावे?

निरोगी मुलांना आजाराविषयी खरे सांगा, त्यांच्या वयाला झेपेल इतके. न सांगितल्यास ते स्वतः अर्थ लावतात. कोणाला वाटते की आपण भांडलो म्हणून भाऊ आजारी पडला. कोणाला भीती वाटते की हा आजार आपल्यालाही लागेल. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एकत्र झोपण्याने पसरत नाही, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या.

त्यांना राग येण्याची मुभा द्या. “तुला काय कमी आहे? त्याच्याकडे बघ,” हे वाक्य घरातून काढून टाका. आजारी भाऊ हा निरोगी बहिणीचे तोंड बंद करण्याचे साधन नाही.

प्रत्येक मुलासाठी आठवड्यातला थोडा वेळ ठरवून ठेवा. जुमाच्या नमाजला जाताना अब्बांनी धाकट्याचा हात धरून चालणे, रात्री अम्मीने थोरलीच्या केसांना तेल लावणे, एवढेही पुरते. रुग्णालयाच्या दिवशी थोरलीऐवजी खाला, फूफी किंवा शेजारीण धाकट्याला सांभाळू शकेल काय, हे आधी पाहा. मुलीची शाळा हा सर्वांत स्वस्त पर्याय समजू नका.

आजारी मुलालाही झेपेल ते काम द्या आणि चुकीबद्दल प्रेमाने टोका. सर्व काही माफ असलेले मूल भावंडांत परके होते.

आणि मातेने स्वतःला दोषी मानू नये. जागरणामुळे नफिल इबादत घडत नाही, म्हणून अनेक माता खंत करतात. प्रेषित (स.) नमाज पढवीत असताना बाळाचे रडणे ऐकू आले तर मातेचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपती घेत असत (बुखारी). ज्या धर्मात जमाअतची नमाज एका मातेसाठी छोटी होते, तेथे तिचे जागरण वाया कसे जाईल?

भावंडांची तपासणी

भावंडांची आणि जवळच्या नातलगांची वाहक-तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिनची विशेष चाचणी, जिला प्रयोगशाळेत ‘एचपीएलसी’ किंवा ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ म्हणतात, ती यासाठी असते. निकाहपूर्वी दोन्ही बाजूंनी ही तपासणी झाली तर पुढचे दुःख टळू शकते. नात्यात निकाह करणे शरीअतने वैध ठेवले आहे, बंधनकारक केलेले नाही. आणि जेथे हा दोष घराण्यात आहे तेथे नात्यातील दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. वाहक असणे हा कलंक नाही. मात्र ते लपवून नाते जोडणे फसवणूक ठरेल.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो. त्यासाठी जुळणारा दाता लागतो आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. येथे फार जपून वागावे. दाता ठरलेल्या मुलाला सर्व प्रक्रिया समजावून सांगावी, त्याची भीती ऐकून घ्यावी. ज्याची मज्जा जुळली नाही त्याला जवळ घेऊन सांगावे की यात तुझी काहीही चूक नाही. ना कोणाला हानी पोहोचवावी, ना हानीची परतफेड हानीने करावी, हे प्रेषितांचे तत्त्व (इब्ने माजा) या ठिकाणीही लागू आहे.

समाजाचे कर्तव्य

दर तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली तरी एका मुलाला वर्षाला सुमारे १७ पिशव्या रक्त लागते. निरोगी पुरुष तीन महिन्यांच्या अंतराने रक्त देऊ शकतो. म्हणजे वर्षाला चार वेळा. पाच पुरुषांनी निश्चय केला तर एका मुलाच्या वर्षभराच्या रक्ताएवढे रक्त पेढीत जमा होते. पाच माणसे म्हणजे मशिदीतील एका सफचाही लहानसा तुकडा. ज्याने एक जीव वाचविला त्याने जणू सर्व मानवजात वाचविली, या शिकवणीवर (अल-माइदा : ३२) आपण भाषणे ऐकतो, तिचे आचरण इतके सोपे आहे.

माहिती पोहोचविणे हेही सेवेचे काम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत थॅलेसेमियाचा समावेश आहे. त्यासाठी प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढता येते. थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य देण्याचे शासकीय धोरण आहे. ज्या कामगाराच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्याच्या कुटुंबालाही वैद्यकीय लाभ मिळतो. पात्र मुलांच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ चालते. पाळीच्या धबडग्यात एखाद्या कामगाराला अर्ज भरणे जमत नसेल, तर मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणाने तो भरून द्यावा. आणि भेटीला जाताना आजारी मुलासाठी फळे नेलीत तर थोरलीसाठी एक वहीही न्या. तिचे नाव घेऊन ती तिच्या हातात द्या.

हे अल्लाह! आजारी लेकरांना शिफा दे, त्यांच्या माता-पित्यांना बळ आणि न्यायबुद्धी दे, आणि त्यांच्या भावंडांची अंतःकरणे एकमेकांसाठी मऊ ठेव. आमीन.

घरात चर्चेसाठी

१. गरजेपोटी अधिक देणे आणि आवडीपोटी अधिक देणे यांतील फरक आपल्या घरातील उदाहरणाने सांगा.
२. ह. मूसा (अलै.) यांच्या मातेने मुलीला कोणते काम दिले आणि कोणते स्वतःकडे ठेवले?
३. आपल्या घरात कोणाचे माप या आठवड्यात रिकामे राहिले? त्यालाच विचारा.