जुनी छोटी गाडी वळणावर का डुलते? घर्षण, अभिकेंद्री बल आणि तळहाताएवढे चार तुकडे

लालबाग, परळ, गिरगावच्या गल्ल्यांमधून आजही ताडपत्रीखाली झाकलेल्या मारुती 800, झेन, जुन्या अल्टो दिसतात. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि तिचं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. म्हणजे अगदी शेवटची गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली. चाळीत गाडी ठेवायला जागा नाही, तरी घरची पहिली गाडी म्हणून ती विकवत नाही. अशा गाडीबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते : "इंजिन मस्त आहे हो, पण वळणावर गाडी डुलते, हातात राहत नाही."

आजच्या पाठात आपण या 'हातात न राहण्या'चं कारण बघू आणि त्यावर काय करता येतं तेही पाहू. दहावीच्या पुस्तकातलं अभिकेंद्री बल आणि बारावीच्या फिजिक्समधली वळणावरची गाडी एवढं आठवलं तरी पुरे. नसेल आठवत तरी हरकत नाही, वाचता वाचता येईल.

हा विषय आता जास्त महत्त्वाचा झालाय. गिरगाव ते दादर या पट्ट्यात ही गाडी वर्षानुवर्षं ताशी 25-30 किमीच्या पुढे गेलीच नाही. सिग्नल, हातगाड्या, बेस्टची बस, पुन्हा सिग्नल. मार्च 2024 मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा सुरू झाला आणि तीच गाडी एकदम 80 च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर आली. 40 ऐवजी 80 म्हणजे वेग दुप्पट, पण गतिज ऊर्जा चौपट. जो ढिलेपणा लालबागच्या मार्केटमध्ये जाणवतसुद्धा नव्हता, तो इथे जिवावर बेतू शकतो.

गाडी वळते कशाच्या जोरावर?

स्टिअरिंगच्या जोरावर, असं उत्तर बहुतेक मुलं देतात. स्टिअरिंग फक्त चाकाची दिशा बदलतं. गाडीला वळणाच्या आत ओढणारं बल येतं ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून. हेच आपलं अभिकेंद्री बल, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले वळणाची त्रिज्या.

आकडे घालून बघा. गाडी साधारण 650 किलो, चार माणसं 250 किलो, एकूण 900 किलो. वळणाची त्रिज्या 30 मीटर धरा. ताशी 20 किमीला लागणारं बल सुमारे 930 न्यूटन येतं. ताशी 40 किमीला तेच सुमारे 3,700 न्यूटन. हे बल देणार कोण? चार टायर.

आता एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किती असतो ते काढू. 900 किलो चार चाकांवर सारखे वाटले तर प्रत्येकी 225 किलो. टायरमध्ये 28 पीएसआय हवा आहे असं समजा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास 2 किलो दाब. भागाकार केला की सुमारे 112 चौरस सेंटीमीटर येतात. अकरा बाय दहा सेंटीमीटर. स्वतःचा तळहात बघा, साधारण तेवढंच. तुमचं अख्खं कुटुंब अशा चार तळहातांवर वळत असतं. गाडीची 'हँडलिंग' सुधारणं म्हणजे हे चार तुकडे रस्त्याला नीट, सपाट आणि सतत टेकलेले ठेवणं. बाकी स्पॉयलर, स्टिकर, जाड सायलेन्सर वगैरे गोष्टींचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

बारावीचं सूत्र सांगतं की वळणावरचा कमाल वेग घर्षणांकावर आणि त्रिज्येवर ठरतो, वस्तुमान त्यातून उडून जातं. कोरड्या रस्त्याला घर्षणांक 0.7 धरला तर 30 मीटरच्या वळणावर ताशी सुमारे 52 किमी येतात. पावसात तो 0.4 वर आला की 39. जुलै महिन्यात, रस्त्यावर तेलकट पाण्याचा थर असताना आणि टायर गुळगुळीत असताना, याहून कमी. गाडी तीच, वळण तेच, ड्रायव्हरही तोच.

मग सुरुवात टायरपासून

जुन्या गाडीवर खर्च करायला थोडेच पैसे असतील तर ते आधी टायरवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. चाळीतली गाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि मालक खूश असतो. पण रबर वयानंही कडक होतं. टायरच्या बाजूवर एक चार आकडी संख्या कोरलेली असते. समजा 2316 आहे, तर तो टायर 2016 च्या 23 व्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही असली तरी एवढ्या वर्षांचं उन्हापावसातलं रबर रस्ता पूर्वीसारखा धरत नाही. नखानं दाबून बघा, बाजूला बारीक भेगा आहेत का बघा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरची खूण दाखवतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला.

हवेबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे : हवा कमी ठेवली की टायर जास्त टेकतो, म्हणून पकड वाढते. वरच्या भागाकारानं तसं दिसतंही, 20 पीएसआयला क्षेत्रफळ 160 चौरस सेंटीमीटरच्या आसपास जातं. पण वळताना मऊ पडलेल्या टायरची बाजू दुमडते, टेकलेला भाग वेडावाकडा होतो, तुम्ही स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा ऐकते आणि टायर तापतो तो वेगळाच. हवा किती हवी ते गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि ते थंड टायरचं माप असतं. दादरहून गिरगावला येऊन लगेच मोजलीत तर आकडा जास्तच दिसणार. म्हणून हवा सोडू नका.

दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे लावा. पंक्चरवाला हमखास म्हणेल, "साहेब, इंजिन पुढे, ओढतात पुढची चाकं, नवे पुढेच पाहिजेत." त्याचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं. पण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुतेकदा पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं सामान्य ड्रायव्हरचं काम नाही.

शॉकअप, बुश आणि एक जुनी खोड

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. पण स्प्रिंग एकदा दाबली की ती वर-खाली होतच राहते. ही हालचाल शमवायचं काम शॉकअपचं, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरचं. त्यातला दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. शॉकअप गेला की चाक रस्त्यावर उड्या मारतं. डॉ. आंबेडकर रोडवर लालबागच्या पुलाचे सांधे ओलांडताना 'धड-धड' झाल्यावर गाडी पुढे डुलतच राहिली तर समजा, त्या प्रत्येक उडीत एक तळहात रस्त्यावरून सुटतोय. ओळखायला सोपं आहे : उभ्या गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदा हलून थांबली तर ठीक. दोन-तीन झोके घेतले, किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर बदला, आणि बदलताना डाव्या-उजव्या जोडीनं बदला.

त्यानंतर रबरी बुश. लोअर आर्मचे, स्टॅबिलायझर बारचे. स्वस्त वस्तू, म्हणूनच दुर्लक्षित. हे रबर चिरलं की ब्रेक मारताना चाक स्वतःहून थोडं मागे-पुढे सरकतं आणि गाडी एका बाजूला खेचते. चाक जॅकवर उचलून (गाडी स्टँडवर नीट टेकवूनच!) घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर आधी टाय रॉड एंडकडे बघा. 12 आणि 6 ला धरून हलवल्यावर खेळ असेल तर संशय बेअरिंग किंवा बॉल जॉइंटवर. हिंदमाताच्या पाण्यातून गेलेल्या गाडीची ही तपासणी नक्की करा. फाटलेल्या रबरी टोपणातून पाणी आत गेलं की ग्रीस धुऊन जातं. सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या बाजारात अजूनही मिळतात, फक्त जुना नमुना हातात घेऊन जा, वर्षागणिक भाग बदललेले असतात.

हे सगळं झाल्यावरच अलाइनमेंट. ढिले सांधे तसेच ठेवून अलाइनमेंट करणं म्हणजे मोडक्या पट्टीनं रेघ मारणं. उलट क्रमानं केलंत तर तेच पैसे दोनदा जातील.

आता ती खोड : स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली आणणं. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं, आणि ते वळणाला चांगलं हेही खरं. पण स्प्रिंगचा ताठरपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा कार्यक्षम वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग 20 टक्के ताठर होते, शॉकअप मात्र जुन्याच हिशेबाचा राहतो आणि चाकाला वर-खाली व्हायला जागाही कमी उरते. गिरगावातल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर अशी गाडी उड्या मारते. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत.

टायरचं माप वाढवायचंच असेल तर हिशेब करा. साध्या अल्टोला 145/80 आर 12 टायर, तर के10 ला कंपनीनंच 155/65 आर 13 दिला. पहिल्याचा व्यास सुमारे 537 मिमी, दुसऱ्याचा 532. व्यास जवळजवळ तोच राहिला, रुंदी थोडी वाढली आणि बाजूची भिंत 116 मिमीवरून 101 वर आली, म्हणून कमी दुमडते. एवढा बदल शहाणपणाचा. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला याहून रुंद टायर लावलेत तर दादरच्या फुलबाजारात गाडी लावताना खांदे भरून येतील.

गणपतीला गावी जाताना

सगळं नीट केलंत, आणि मग गौरी-गणपतीला टपावर कॅरिअर बांधून 60 किलो सामान चढवलंत. काय होतं बघा. माणसांसह गाडीचा गुरुत्वमध्य 50 सेंटीमीटर उंचीवर धरू. 1.6 मीटर उंचीवर 60 किलो ठेवले की तो जवळपास 57 सेंटीमीटरवर जातो. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 1.2 मीटर. 30 मीटरच्या त्याच वळणावर, ताशी 40 किमीला, आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार 157 किलोवरून 190 किलोवर जातो. आणि टायरचा एक स्वभाव असा की भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही, थोडी मागेच राहते. त्यामुळे बाहेरच्या चाकांनी कमावलेलं, आतल्या चाकांनी गमावलेलं भरून काढत नाही. एकूण पकड घटते. जड पिशव्या, नारळ, डबे खाली आणि मागच्या सीटला चिकटून ठेवा, टपावर फक्त अंथरुणं. मागच्या चाकांची हवा पूर्ण भारासाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत वाढवा.

स्वाध्याय

1. घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या चारही टायरवरचा चार आकडी क्रमांक वहीत लिहा आणि प्रत्येकाचं वय काढा.

2. त्याच गाडीचं वजन आणि टायरमधली हवा विचारून एका टायरच्या टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ काढा.

3. घर्षणांक 0.4 आणि त्रिज्या 50 मीटर असताना कमाल वेग किती? टपावर सामान असेल तर या सूत्रात काही बदलतं का? सूत्रात बदलत नसेल, तर प्रत्यक्षात का बदलतं?