आधी ठाणं शोधा

जयपूरच्या दुर्गापुऱ्यात राहून माझं अर्धं आयुष्य गेलं. टोंक रोड दाराशी आणि रेल्वे स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे परीक्षेला, नोकरीला किंवा लग्नाला राजस्थानात येणारं घरातलं प्रत्येक माणूस आधी आमच्याकडे उतरतं. भाचाही तसाच उतरला होता. मित्रांबरोबर गाडीने कोट्याकडे निघाला आणि वाटेत टोंक जिल्ह्यात एका ढाब्यावर गाडी लावण्यावरून पोरांची मारामारी झाली. पोलिसांनी दोन्हीकडच्या पोरांना उचललं. एका मित्राने धापा टाकत एवढंच कळवलं आणि त्याचा फोन बंद झाला. कुठलं ठाणं, हे सांगायचं राहूनच गेलं.

त्या रात्री जे शिकायला मिळालं ते इथे लिहितो आहे. आपला माणूस परराज्यात, आडगावच्या हद्दीत पोलिसांच्या ताब्यात गेला तर त्याचा माग कसा काढायचा, हे सुशिक्षित घरांतही सहसा कुणाला ठाऊक नसतं.

टेक्सासमधल्या चुलतभावाचा पहिला सल्ला होता, "शेरीफच्या वेबसाइटवर नाव टाकून बघ ना." त्याच्या तिथे ते खरंच जमतं. अमेरिकेत बहुतेक काउंट्यांमध्ये अटक करणारा शेरीफच काउंटीचा तुरुंग चालवतो. त्यामुळे कोण आत आला, कुठल्या आरोपावरून आणि जामीन किती, ही नोंद एकाच दप्तरात असते आणि बऱ्याच ठिकाणी ती सगळ्यांना खुली असते. आपल्याकडे अटक पोलीस करतात, कोठडीचा हुकूम न्यायालय देतं आणि तुरुंग चालवतो वेगळा कारागृह विभाग. तीन दप्तरं, तीन नोंदी. म्हणून नाव टाकलं आणि माणूस सापडला, असं सहसा होत नाही. तो आत्ता ठाण्यात आहे, न्यायालयात आहे की तुरुंगात, हे आधी ठरवायचं आणि मग त्या दप्तरात शोधायचं.

पहिला टप्पा : ठाणं

पहिले चोवीस तास माणूस ठाण्यात असतो. राज्यघटनेचं कलम 22 आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 58 यांनुसार अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. तेव्हा पहिल्या रात्री तुरुंगाच्या दारात जाऊन काही उपयोग नाही.

ठाणं शोधताना हद्दीचा घोळ होतो. दुर्गापुरा जयपूर पोलीस आयुक्तालयात येतं. हे आयुक्तालय 2011 साली सुरू झालं. पण याच टोंक रोडने दक्षिणेला जात राहिलं की टोंक जिल्हा लागतो आणि तिथला कारभार पोलीस अधीक्षकाकडे असतो. जयपूरच्या ठाण्यांना फोन लावून टोंकची अटक कळणार नव्हती. म्हणून मी टोंकच्या जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन लावला.

त्यामागे कायद्याचा आधार आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितलं की, अटकेची आणि माणूस कुठे ठेवला आहे याची माहिती बारा तासांच्या आत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला गेली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेचं कलम 37 आणखी पुढे जातं. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एक नेमलेला अधिकारी हवा, त्याचा दर्जा सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी नको. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची माहिती त्याने ठेवायची आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात दिसेल अशी लावायची. कलम 48 प्रमाणे अटकेची खबर नातेवाइकाला किंवा अटक झालेल्याने सांगितलेल्या माणसाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तेव्हा फोनवर आवाज चढवण्यापेक्षा एवढंच विचारावं : "आज किन-किन थानों में गिरफ्तारी हुई है, सूची देखकर बता दीजिए." नियंत्रण कक्षातल्या शिपायाने यादी पाहून ठाण्याचं नाव सांगितलं. मार्ग तिथे मोकळा झाला.

ऑनलाइन काहीच का दिसेना

तोवर घरातली तरुण मंडळी राजस्थान पोलिसांच्या पोर्टलवर एफआयआर शोधत होती. जिल्हा निवडला, तारीख टाकली, भाच्याचं नाव कुठेच नाही. नाशिकहून ताईचं एकच पालुपद : "अरे, नोंदच नाही म्हणजे त्याला कुठे नेलंय तरी कुठे?"

नोंद होती, पण वेगळ्या वहीत. पोरांना शांतिभंगात धरलं होतं. हा शब्द राजस्थानच्या वर्तमानपत्रांत रोज दिसतो. पुढे गुन्हा घडू नये म्हणून केलेली ही अटक संहितेच्या कलम 170 खाली होते. जुन्या कायद्यात हेच कलम 151 होतं. यात एफआयआर असायलाच हवी असं नाही. नोंद होते ती ठाण्याच्या रोजनामच्यात, ज्याला आपल्याकडे स्टेशन डायरी म्हणतात. आणि माणसाला नेतात ते कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे. ग्रामीण भागात तो बहुधा एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, असतो, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस अधिकारीच हे काम पाहतो. म्हणजे भाच्याला शोधायला जिल्हा न्यायालयात गेलो असतो, तर तिथेही हात हलवत परतलो असतो.

एफआयआर असेल तर ती सहसा सापडते. यूथ बार असोसिएशनच्या खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ती चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. जिथे इंटरनेटची अडचण आहे तिथे 48 तास, फार तर 72. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी नाजूक प्रकरणं मात्र टाकली जात नाहीत. म्हणून पडद्यावर काही दिसलं नाही, तर तीन शक्यता धरा : अजून टाकलेली नाही, टाकायचीच नाही, किंवा एफआयआरच नाही. ठाण्यात विचारायचं तेही नेमकं विचारा : मुकदमा नंबर आहे का? नसेल तर कुठल्या कलमाखाली धरलं आणि रोजनामच्यात किती वाजता नोंद आहे? एफआयआरमध्ये अटक असेल तर फर्द गिरफ्तारी, म्हणजे अटकेचा कागद, कुणाच्या सहीने झाला तेही विचारा.

पैसे मागणारा फोन

त्याच रात्री ताईला एक फोन आला. "थाने से बोल रहा हूँ. केस लिखने से पहले चालीस हज़ार भेज दो, लड़का सुबह घर होगा." त्याला भाच्याचं नाव आणि वय ठाऊक होतं, म्हणून ताईचा विश्वास बसत चालला होता. ही माहिती फुटली होती ती आमच्याच माणसांकडून. मदत मिळावी म्हणून कुणीतरी भाच्याचा फोटो, नाव आणि ताईचा मोबाइल नंबर चार व्हॉट्सअॅप गटांत टाकला होता. मी ताईला म्हटलं, "त्याला ठाण्याचं नाव आणि रोजनामच्याची वेळ विचार." तिने विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

असा फोन आला की स्वतः नियंत्रण कक्षाला किंवा 112 ला फोन करून खातरजमा करा. जामीन किंवा मुचलका यूपीआयवर कुणाच्या खात्यात भरायचा नसतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून सांगितलं होतं. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 वर तक्रार करा.

दुसरा आणि तिसरा टप्पा

न्यायालयात उभं केल्यावर ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ उपयोगी पडतं. तिथे नावापेक्षा ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून शोध घ्या, लवकर सापडतं. एकदा खटल्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळाला की तो लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या तारखा त्यावर दिसतात.

न्यायालयीन कोठडी झाली की माणूस तुरुंगात जातो. जयपूरचं मध्यवर्ती कारागृह घाटगेटला आहे, पण टोंकच्या न्यायालयाने पाठवलेला माणूस तिथेच असेल असं गृहीत धरू नका. कोठडीच्या हुकमात तुरुंगाचं नाव असतं, ते वकिलाकडून विचारून घ्या. मग ई-प्रिझन्सच्या ई-मुलाकात सोयीवर भेटीची नोंदणी करता येते. आरोपी अठराच्या आतला असेल तर यातलं बरंच काही लागू होत नाही. त्याला ठाण्याच्या कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि त्याची ओळख छापायला बंदी आहे.

नावाचं एक जपा. राजस्थानात नोंद 'अमुक पुत्र श्री तमुक' अशी होते, आडनाव कधी राहतं कधी गळतं. आपला ळ हिंदीत ल होतो, काळेचा काले होतो. म्हणून शोधताना वडिलांचं नाव हाताशी ठेवा आणि आडनाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहा.

ठाण्याकडे निघताना आपलं आणि त्याचं आधार कार्ड, त्याची औषधं आणि स्थानिक जामीनदार यांची सोय करून निघा. एसडीएमपुढे मुचलक्यासोबत ओळखीचा जामीनदार लागू शकतो, आणि तो नाही म्हणून साध्या भांडणातली पोरं तुरुंगात जाऊ शकतात. आमच्याबरोबर शेजारचे चौधरीजी आपल्या जमिनीचे कागद घेऊन आले, म्हणून भाचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटला. वकील परवडत नसेल तर 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला सांगा. ताब्यातल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हा 1987 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

चोवीस तास उलटले आणि कुणीच काही सांगत नसेल, तर लेखी मागा. माहिती अधिकार कायद्यात जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तिथे 48 तासांत उत्तर द्यावं लागतं. पण तेवढंही थांबू नका. वकिलामार्फत उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते.

आणि सापडलेली नोंद आपल्यापुरती ठेवा. एफआयआरची पीडीएफ कुटुंबाच्या गटात फिरली की ती परत बोलावता येत नाही. त्यात नाव असणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. शांतिभंगात तर आरोपपत्रही नसतं. पण पुढे नोकरीसाठी किंवा लग्नासाठी चौकशी करणारा एवढा बारकावा पाहत बसत नाही. आम्ही वकिलाला, जामीनदाराला आणि ताईला, एवढ्यांनाच कागद दाखवला. ज्याचं काम आहे त्याच्या हातात कागद द्या, बाकीच्यांना "सुटला, घरी आलाय" एवढं सांगितलं की पुरतं.